छोटा स्वतंत्र बँड आणि दुसऱ्यांदा ऐकणारा श्रोता

छोटा स्वतंत्र बँड म्हणजे इथे चार-पाच जणांचा असा गट धरला आहे, जो स्वतःची गाणी स्वतः लिहितो आणि स्वतःच्या खिशातून रेकॉर्ड करतो. त्याच्यामागे कंपनी नाही, मॅनेजर नाही, आणि त्यातल्या प्रत्येकाचे पोट दुसऱ्याच कशावर तरी चालते. उदाहरण म्हणून पुणे-मुंबई पट्ट्यात मराठीत गाणारा रॉक किंवा फोक-रॉक बँड डोळ्यांसमोर आहे. लग्नात आणि पबमध्ये इतरांची गाणी वाजवणारे कव्हर बँड या विवेचनात येत नाहीत. त्यांचा धंदा वेगळा, अडचणी वेगळ्या आणि, खरे सांगायचे तर, कमाईही बरी.

प्रसिद्धी म्हणून जे काही केले जाते त्याचे तीन टप्पे पडतात. गाणे कुठेतरी उपलब्ध होणे हा पहिला. ते अनोळखी माणसाच्या कानावर पडणे हा दुसरा. आणि त्या माणसाने कोणी न सांगता ते पुन्हा लावणे हा तिसरा. पहिला टप्पा आज जवळजवळ फुकट आहे. दुसरा विकत मिळतो. तिसरा विकत मिळत नाही, आणि बँड जगतो तो तिसऱ्यावर. छोट्या बँडची बरीचशी फरफट होते ती दुसऱ्या टप्प्यावर पैसा आणि वेळ ओतला की तिसरा आपोआप येईल, असे धरून चालल्यामुळे. हे गृहीतक का फसते, ते पाहायचे आहे.

उपलब्धता

कॅसेटच्या काळात अडसर पहिल्याच टप्प्यावर होता. स्टुडिओ तासाच्या भाड्याने, कॅसेट काढायला कंपनी हवी, आणि कंपनीच्या साहेबांना गाणी पसंत पडायला हवीत. ‘गारवा’सारखा (१९९८) अल्बम लोकांपर्यंत गेला तो असल्या चाळणीच्या जमान्यात. आता लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस आणि बरा माइक यांवर घरच्या खोलीत रेकॉर्डिंग होते. डिस्ट्रीब्युटर नावाची मध्यस्थ सेवा थोडक्या वर्गणीत ते स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन, यूट्यूब म्युझिक असे सगळीकडे नेऊन ठेवते. चाळणी गेली, आणि तिच्यातून पार पडल्याचा मानही तिच्याबरोबर गेला.

ल्युमिनेट या मोजणी करणाऱ्या संस्थेच्या २०२३च्या अहवालात स्ट्रीमिंग सेवांवरच्या १८.४ कोटी ध्वनिमुद्रणांचा हिशेब आहे. त्यांपैकी ४.५६ कोटी वर्षभरात एकदाही कोणी लावली नाहीत. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच मांडले होते की माहितीची रेलचेल झाली की टंचाई पडते ती लक्षाची. संगीताला हे तंतोतंत लागू पडायला मधली चाळीसएक वर्षे जावी लागली.

उपलब्धतेतही खाचखळगे आहेत, पण ते कारकुनी स्वरूपाचे. डिस्ट्रीब्युटरचा फॉर्म उघडला की चौकोनी कव्हर, भाषेचा रकाना, गीतकार-संगीतकारांची कागदोपत्री नावे, रिलीजची तारीख, सगळे भरावे लागते. समजा गाण्याचे नाव ‘वारा’ आहे. रोमन लिपीत ते तीन तऱ्हांनी लिहिता येते, आणि गिगवरून घरी जाताना रिक्षात बसलेला श्रोता शोधतो ती नेमकी चौथी. बँडचे नाव एकशब्दी आणि रोजच्या वापरातले असेल तर त्याच नावाचा आणखी कोणी जगाच्या पाठीवर असतोच, आणि आपले गाणे त्याच्या पानावर जाऊन पडते. ते परत आणायला ईमेलांची वारी. तारखेचेही तसेच. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे पाठवायचे तर ते रिलीजच्या किमान सात दिवस आधी पाठवावे लागते. तेवढी सवड ठेवली तर अनुयायांच्या ‘रिलीज रडार’ यादीत आपण निवडलेले गाणे येते. पण मिक्सिंग करणारा मित्र शेवटची फाइल बुधवारी रात्री पाठवतो आणि पोस्टरवर शुक्रवार छापून झालेला असतो. ही चूक टाळायला अक्कल लागत नाही, फक्त वेळापत्रक लागते. तरी ती सर्रास होते.

पहिले ऐकणे

दुसऱ्या टप्प्याची साधने सगळ्यांना पाठ आहेत: इन्स्टाग्रामवरची जाहिरात, रील, प्लेलिस्ट, प्री-सेव्हची लिंक. २०२० च्या जूनअखेर भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत रील्स आले, तेव्हापासून गाण्याचा पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा हेच प्रसिद्धीचे चलन झाले आहे. त्यात स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजल्याशिवाय ऐकणे मोजले जात नाही. दोन्हींचा परिणाम रचनेवर होतो. संथ आलापाने उघडणारे, तिसऱ्या मिनिटाला ढोलकी आणि गिटार एकत्र आल्यावर खुलणारे गाणे या मोजपट्टीत बसत नाही. बँड मग प्रसिद्धीसाठी त्याच गाण्याचा शेवट आधी दाखवतो, आणि त्या तुकड्यावर भाळून आलेला माणूस पहिली दोन मिनिटे कंटाळून निघून जातो.

शिफारस करणाऱ्या यंत्रणेची गंमत मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. ही यंत्रणा इतर खुणांबरोबर सहश्रवणावर चालते. म्हणजे हे गाणे ऐकणारे लोक आणखी काय ऐकतात, यावरून गाण्याचा शेजार ठरतो आणि त्या शेजारातल्या इतरांना ते सुचवले जाते. नव्या गाण्याला सुरुवातीला शेजारच नसतो. तो पहिल्या शंभर-दोनशे ऐकणाऱ्यांवरून बनतो. आता छोट्या मराठी बँडचे पहिले शंभर ऐकणारे कोण? ड्रमरची आत्या, गायिकेच्या ऑफिसमधला ग्रुप, सोसायटीचे सेक्रेटरी, शाळेचे व्हॉट्सॲप. सगळे प्रेमाने लिंक दाबतात. आत्याच्या त्याच फोनवर सकाळी अभंग लागतात, संध्याकाळी नातवासाठी बडबडगीते. यंत्रणेच्या दृष्टीने आपल्या रॉक गाण्याचा शेजार मग काय उरेल, याची कल्पना करता येते. ज्यांना असे संगीत खरोखर आवडते त्यांच्यापर्यंत ते सुचवले जाण्याची शक्यता घटते. आप्तांना लिंक पाठवून आकडा वाढवणे हा बिनखर्चाचा उपाय वाटतो, पण त्याची किंमत अशी वळणाने मोजावी लागते. आत्याला गिगला बोलवावे, ते जास्त उपयोगाचे.

पैसे घेऊन हजारो ऐकणी मिळवून देणाऱ्या प्लेलिस्टवाल्यांबद्दल फार लिहायला नको. त्यांतली बरीच ऐकणी यंत्रांची असतात. स्पॉटिफायने २०२४ पासून अशा बनावट ऐकण्यांचा दंड गाण्यामागे डिस्ट्रीब्युटरकडून वसूल करण्याचे धोरण आणले, आणि डिस्ट्रीब्युटर तो बँडकडे सरकवू शकतो. गाणे उतरवले जाण्याचा धोका वेगळाच.

नशीब किती, गुण किती

बँडच्या मंडळींत हा वाद रात्ररात्र चालतो. त्याला एक प्रायोगिक उत्तर आहे. मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. अपरिचित बँडची ४८ गाणी, १४,३४१ सहभागी. काहींना फक्त गाणी दिसत. बाकीच्यांना आठ स्वतंत्र ‘जगां’त वाटले होते, आणि तिथे आपल्या जगातल्या इतरांनी कोणते गाणे किती वेळा डाउनलोड केले तेही दिसे. आकडे दिसू लागताच दोन गोष्टी झाल्या. लोकप्रिय आणि दुर्लक्षित गाण्यांतली दरी रुंदावली, आणि कोणते गाणे वर जाईल ते जगागणिक बदलले. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा शिखरावर गेली नाहीत. मधल्या सगळ्यांचे काहीही होऊ शकत होते.

पुढे सॅल्गनिक आणि वॉट्स यांनी क्रमवारी मुद्दाम उलटी करून दाखवली, म्हणजे तळातल्या गाण्यांना खोटा मान दिला. काळ गेला तशी उत्तम गाणी बऱ्याच अंशी पुन्हा वर चढली, पण एकूण डाउनलोडच घटले. या दुसऱ्या निष्कर्षाची चर्चा कमी होते आणि माझ्या मते आपल्या विषयाला तोच जास्त जवळचा आहे. फुगवलेला आकडा लोकांना गाण्यापर्यंत आणतो. गाणे तेवढे निघाले नाही की माणूस त्या गाण्याबरोबर बाकीचेही ऐकण्याचा नाद सोडतो.

आपला बँड बहुधा मधल्या गटात असतो, हे कबूल करण्यात कमीपणा नाही. बहुतेक चांगले संगीत तिथेच असते. मधल्या गटाला नशिबाच्या एका फेरीवर भरवसा ठेवता येत नाही; त्याला पुष्कळ फेऱ्या खेळाव्या लागतात. एका गाण्याच्या व्हिडिओवर वर्षाची सगळी शिल्लक उडवणे या हिशेबात बसत नाही.

पुनरावृत्ती पूर्वी कोण पुरवत असे

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायॉन्स यांनी १९६८ मध्ये दाखवले की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आल्यानेही ती आवडण्याकडे कल होतो. याला मर्यादा आहेत. पहिल्याच भेटीत नकोशी वाटलेली गोष्ट पुन्हापुन्हा येऊन जास्तच नकोशी होऊ शकते, आणि अति झाले की हसू होते. पण अनोळखी, न खटकणाऱ्या सुरावटीला दुसरी-तिसरी संधी मिळणे निर्णायक ठरते, हे कोणत्याही गाणाऱ्याला अनुभवाने माहीत आहे.

ही संधी पूर्वी माध्यमच देत असे. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर चाललेले ‘गीतरामायण’ घ्या. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांचे संगीत, आठवड्याला एक नवे गीत, आणि तेच गीत त्याच आठवड्यात पुन्हा प्रसारित. ५६ गीतांचा हा क्रम श्रोत्याला शोधावा लागत नव्हता. ठरलेल्या वेळी तो घरात येत होता. गीतांची थोरवी वादातीत आहे, पण वेळापत्रकाचे श्रेय कोणी देत नाही म्हणून इथे देतो. कॅसेटनेही पुनरावृत्ती पुरवली, थोड्या निराळ्या कारणाने: घरात कॅसेटी मोजक्या, पैसे मोजून आणलेल्या, तेव्हा दुसऱ्या बाजूचे न आवडलेले गाणेही दहा वेळा ऐकले जाई आणि अकराव्यांदा आवडू लागे.

चित्रपटगीताकडे ही यंत्रणा आजही आहे. ट्रेलर, चित्रपटगृह, नटाचा चेहरा, टीव्हीवरचा नाचाचा कार्यक्रम, गणपतीतला डीजे, लग्नाचा हॉल. प्रसिद्धीचा खर्च चित्रपटाच्या अंदाजपत्रकात असतो आणि गाणे त्यावर स्वार होते. खासगी एफएम वाहिन्याही प्रामुख्याने तेच वाजवतात. ‘सैराट’ची (२०१६) गाणी किती जणांनी स्वतःहून शोधून ऐकली आणि किती जणांच्या कानावर आदळली, याचे प्रमाण काढता आले तर मजेशीर निघेल. स्वतंत्र बँडला दुसरे ऐकणे घडवून आणणारे माध्यम राहिलेले नाही, आणि त्याच्या अडचणीचे मूळ मला इथे दिसते. गाण्याचा दर्जा, मराठी श्रोत्याची रसिकता, तरुण पिढीची बोटे या सगळ्या तक्रारी त्यानंतरच्या.

पैशाची रचना कोणाच्या बाजूने

बहुतेक सेवांवर एका ऐकण्याला ठरलेला दर नसतो. सगळा महसूल एकत्र होतो आणि एकूण ऐकण्यांतल्या वाट्यानुसार वाटला जातो. एखाद्या चाहत्याने महिनाभर फक्त तुमचाच बँड ऐकला तरी त्याची वर्गणी तुमच्याकडे येत नाही. ती त्या मोठ्या डबक्यात पडते आणि तिचा बहुतांश ज्यांची ऐकणी अब्जावधी आहेत त्यांच्याकडे जातो. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये चाहत्याचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच देण्याची पद्धत काही कलाकारांपुरती सुरू केली, पण तो अपवाद.

त्यात उंबरठे आले. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० ऐकणी न झालेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन मिळत नाही. समजा बँडने आठ गाण्यांचा अल्बम काढला आणि प्रत्येक गाणे ७०० वेळा ऐकले गेले. एकूण ५,६०० ऐकणी, हाती शून्य. तेवढीच ऐकणी एका गाण्याला मिळाली असती तर काहीतरी मिळाले असते. रक्कम दोन्हीकडे किरकोळच. पण नियमाचा रोख एकेका गाण्यावर जोर देण्याकडे आहे, आणि अल्बमभर रेंगाळणारा श्रोता, म्हणजे आपल्याला हवा तोच, त्यात बिनकिमतीचा ठरतो.

यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा हवा तर १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहणे लागते (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज, ज्याबद्दल न बोललेले बरे). ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. चार मिनिटांचे गाणे पूर्ण ऐकणारे ६०,००० जण हवेत. तासभर गप्पा मारणाऱ्या चॅनेलला तोच उंबरठा ४,००० पूर्ण पाहण्यांत ओलांडता येतो. वेळेच्या मापाने मोजले की गाणे हरणारच. त्यामुळे काही बँड गाण्यामागची गोष्ट, रिहर्सल, गिटारच्या पेडलांची ओळख असे लांब व्हिडिओ करतात. काहींना ते जमते. बाकीच्यांचा गिटारवादक हळूहळू निवेदक होतो.

थेट विक्रीचा मार्ग बँडकॅम्पने २००८ पासून दाखवला, पण त्याचे पैसे पेपालमार्फत मिळतात आणि पेपालने भारतातले देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले. त्यामुळे बर्लिनच्या चाहत्याकडून पैसे घेणे सोपे आणि कोथरूडच्या चाहत्याकडून अवघड, अशी परिस्थिती ओढवली. कोथरूडकडून मग यूपीआयने घ्यायचे आणि फाइल ईमेलने पाठवायची. लोक करतात.

मंच

समोर बसून ऐकलेले गाणे दुसऱ्यांदा लावले जाण्याची शक्यता सर्वांत जास्त, यावर फारसे दुमत नाही. प्रश्न जागेचा. मुंबईतले धोबी तलावचे रंगभवन, जिथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ या महोत्सवाने पिढ्या घडवल्या, आसपासच्या रुग्णालयांमुळे शांतता क्षेत्राच्या नियमात सापडले. २००७ मध्ये सुरू झालेला मुंबईचा ब्लू फ्रॉग हा क्लब २०१६ मध्ये बंद झाला. एनएच७ वीकेंडर २०१० मध्ये पुण्यातच सुरू झाला, पण महोत्सवाच्या पोस्टरवर खालच्या ओळीत बारीक अक्षरात येणे म्हणजे दुपारी साडेतीनच्या उन्हात रिकाम्या मैदानापुढे वाजवणे. उरले पब. तिथला मालक ‘ओरिजिनल थोडी कमी ठेवा’ म्हणतो, मराठी म्हटल्यावर आणखी कमी. आणि मोबदला म्हणून ठरलेली रक्कम, गेटच्या पैशांतला वाटा किंवा जेवण आणि ‘एक्स्पोजर’ यांपैकी शेवटचे पुढे करतो.

मराठी बँड ज्या जागेचा पुरेसा विचार करत नाहीत ती नाट्यगृहाची. या भाषेत तिकीट काढून, खुर्चीत बसून, दोन तास शब्द ऐकण्याची सवय असलेला श्रोता तयार आहे. नाटकांनी तो घडवला. सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम २००३ पासून याच सवयीवर उभा राहिला: वर्तमानपत्रातली जाहिरात, नाट्यगृहाची खिडकी, आणि पुन्हा येताना भावाला घेऊन येणारा प्रेक्षक. तिथे दुसरे ऐकणे घडत होते. ड्रमसेट असलेल्या बँडला हे जसेच्या तसे उचलता येणार नाही. मोठ्या नाट्यगृहांच्या शनिवार-रविवारच्या तारखा आधीच गेलेल्या असतात, आणि संवादासाठी बांधलेल्या सभागृहात झांज कानठळ्या बसवते. पण शे-सव्वाशे खुर्च्यांची छोटी सभागृहे आणि आवाज आवरलेला सेट हा मार्ग खुला आहे.

गृहीत आकडे घेऊन पाहू. १२० खुर्च्या, ३०० रुपयांची ९० तिकिटे, गल्ला २७,०००. सभागृह ६,०००, साउंड आणि लाइट ९,०००, मिक्सरवरचा माणूस ३,०००, टेम्पो २,०००, पोस्टर आणि जाहिरात २,०००. उरले ५,०००, पाच जणांत हजार-हजार. धंदा म्हणून हास्यास्पद. पण हाच कार्यक्रम तीन महिन्यांनी त्याच शहरात पुन्हा केला आणि नव्वदांतले तीस परतले, तर त्या तीसांची किंमत कुठल्याही जाहिरातीतून मिळालेल्या तीस हजार दर्शकांपेक्षा जास्त, असे माझे मत आहे. केविन केली यांनी २००८ मध्ये मांडलेली हजार सच्च्या चाहत्यांची कल्पना प्रसिद्ध आहे. त्यात प्रत्येकाने वर्षाला शंभर डॉलर द्यायचे असतात. मराठी बँडला एवढी रक्कम कोण देईल ही शंका रास्त आहे, पण ‘परत येणारे मोजा’ हा त्यातला भाग रुपयांतही टिकतो.

यावर आक्षेप येतो तो ब्लडीवूडचा. दिल्लीचा हा मेटल बँड घरबसल्या केलेल्या विनोदी कव्हर व्हिडिओंपासून सुरू झाला, २०१९ मध्ये जर्मनीच्या वाकेन महोत्सवात वाजला, २०२२ मध्ये ‘रक्षक’ हा अल्बम स्वतःच प्रसिद्ध केला. इंटरनेटवरच झाले ना सगळे? झाले. पण जगभर विखुरलेली मेटलची बिरादरी ही मुळात पुन्हापुन्हा ऐकणाऱ्यांची बिरादरी आहे. टी-शर्ट विकत घेणारी, महोत्सवाला वर्षभर पैसे साठवणारी. ब्लडीवूडला ती आयती मिळाली आणि त्यांनी तिचे सोने केले. मराठी फोक-रॉकला अशी जागतिक बिरादरी नाही. परदेशातली महाराष्ट्र मंडळे आहेत, पण तिथे तिकीट विकले जाते ते आधीच ऐकलेल्या नावाचे.

काम कोण करणार

हे सगळे करायला माणूस लागतो. बँडमध्ये ज्याला डिझाइन येते त्याच्यावर पोस्टर येऊन पडते, जो फोनवर नीट बोलतो तो बुकिंग पाहतो, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे इन्स्टाग्राम. सहा महिन्यांत त्याच्याच घरून कुरबुर सुरू होते. हे काम मोजले जात नाही, म्हणून वाटलेही जात नाही. गाणी कोणाच्या नावावर नोंदवायची हेही इथेच ठरायला हवे. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेकडून येणारे मानधन मुख्यतः गीतकार-संगीतकारांना मिळते. चाल सगळ्यांनी मिळून बांधली आणि नाव एकाचेच लागले, तर पहिल्या रकमेबरोबर पहिले भांडण येते. गिगच्या आदल्या रात्री नको, रेकॉर्डिंगच्या आधीच एका कागदावर टक्केवारी लिहून सह्या कराव्यात.

आणि श्रोत्यांची यादी आपल्या हातात असावी. स्ट्रीमिंग सेवा शहर सांगते, वयोगट सांगते, माणसाचे नाव सांगत नाही. कार्यक्रम संपल्यावर दाराशी वही घेऊन उभे राहणे आणि नंबर लिहून घेणे जुनाट वाटते खरे, पण पुढचा निरोप पाठवायला तेच नंबर लागतात. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, आणि ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच निरोप पोचतो. म्हणून दाराशी वहीत त्याचा नंबर घेतानाच आपलाही त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून घ्यावा, आणि बँडच्या नावानेच. दोन महिन्यांनी निरोप टाकला की किती जणांपर्यंत तो पोचला ते दिसते. १२० खुर्च्यांचे सभागृह पुन्हा घ्यायचे की ६० खुर्च्यांचे, ते त्या आकड्यावरून ठरवावे.